आमेननंतर दुरुस्ती नाही

३ ऑगस्ट, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केले की आमच्या मंडळीची ख्रिस्ती वारसा सहल नोव्हेंबरात परदेशी निघेल. मिसर, सीनाय पर्वत, मग जॉर्डन, आणि शेवटी नबो पर्वत. मंडळीत टाळ्या झाल्या. चर्चमध्ये टाळ्या असाव्यात का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो.

सहलीला एक ग्रुप लीडर लागणार आहे. ज्याला शास्त्र कळते, ज्याला बोलता येते आणि ज्याचे लोक ऐकतात, तोच लीडर व्हावा. पालघरच्या कॉलेजात मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, शिवाय मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळाचा सभासद, आहे. सबब, निष्कर्ष उघड आहे. तसे अद्याप कोणी बोललेले नाही. परंतु अनुमान सिद्ध असताना कोणी बोलण्याची गरज नसते.

परतताना रिक्षात झुंबर म्हणाली, "मी जाणार आहे." माझी पत्नी सहसा इतके ठाम विधान करीत नाही. तिचे वडील राहुरीकडच्या एका खेड्यात मिशन शाळेचे मास्तर होते. दरवर्षी ते मुलांना गावाबाहेरच्या टेकडीवर नेत आणि समोरचे माळरान दाखवून सांगत की मोशेने नबोवरून वचनदत्त देश असाच पाहिला, त्यात पाऊल मात्र ठेवता आले नाही. मास्तर स्वतः नगर जिल्ह्याबाहेर फारसे गेले नाहीत. झुंबरला एकदा नबोवर उभे राहायचे आहे. मागच्या दोन सहलींना आम्ही गेलो नाही, कारण त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत विसंगती होत्या आणि मी त्या दाखवून दिल्या होत्या.

तिचा हेतू भावनिक आहे, तरीही ग्राह्य. लीडरच्या गोळ्या आणि चहा सांभाळायला कोणी तरी लागतेच.

९ ऑगस्ट
अप्रिय वार्ता. काही लोक लीडर म्हणून नरहरीचे नाव घेत आहेत. नरहरी तारापूरच्या वीज प्रकल्पातून निवृत्त झालेला फिटर. आवाज मोठा, पोट त्याहून मोठे, हृदयाचे ऑपरेशन झालेले. पात्रता काय, तर म्हणे त्याच्यासोबत कंटाळा येत नाही. कंटाळा न येणे हा गुण नव्हे, तो केवळ एका दोषाचा अभाव आहे. झुंबरला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, "हो ना, पण तेवढा अभाव तरी असावा माणसात." भाजी निवडताना ती पुरेसे लक्ष देऊन बोलत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
आजचा दिवस निर्णायक. वडील मंडळाच्या सभेत मी ठराव मांडला. सीनाय हा पर्वत आहे, पर्वत चढावा लागतो, म्हणून प्रवाशांची कसोटी आधीच व्हावी. ठराव असा: पालघरजवळच्या काळदुर्गाच्या माथ्यापर्यंत जो स्वतःच्या पायांनी जाणार नाही तो सहलीस अपात्र. वयाची सवलत नाही. पदाची सवलत नाही. संधी एकच.

पाळकसाहेब तरुण आहेत. प्रदीप त्यांचे नाव. माझ्या कॉलेजच्या नोट्स त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या असतील. त्यांनी चाचरत विचारले की वयस्करांसाठी थोडी ढील ठेवावी का. मी उत्तर दिले की सीनाय पर्वत ढील ठेवत नाही. सभेत शांतता पसरली. शांतता हे युक्तिवादाचे यश असते.

नरहरीही वडील मंडळात आहे. त्याने खुर्ची मागे रेटून विचारले, "सर, तुमी चढनार ना पण?" प्रतिपक्षाकडे मुद्दा उरला नाही की तो व्यक्तीवर घसरतो. 

यानंतर मी एक खबरदारी घेतली. आमच्या मंडळीची जुनी प्रथा आहे: ठरावावर प्रार्थना होऊन आमेन झाले की तो पुन्हा उघडायचा नाही. आमेननंतर दुरुस्ती नाही. चर्चच्या पंख्यांच्या ठरावाच्या वेळी कोणी तरी आमेननंतर तोंड उघडले होते, तेव्हा मीच त्यांना खाली बसवले होते. म्हणून मी पाळकसाहेबांना तेथल्या तेथे प्रार्थना करण्याची विनंती केली. त्यांनी केली. आमेन सर्वांत मोठ्याने मीच म्हटले.

नरहरीचा विषय संपला.

२० ऑगस्ट, पहाटे
आजपासून रोज बेटेगावपर्यंत चालत जाणे आणि परत. संकल्प अटळ.

त्याच दिवशी, सकाळी
कोपऱ्यावर कुत्रे होते. त्याने काही केले नाही, परंतु त्याची मुद्रा निश्चित नव्हती. उद्यापासून.

२८ ऑगस्ट
गणपतीचे दिवस. रस्त्यावर मंडप. चालण्यास वाव नाही. तथापि आज नवे बूट आणले. बूट पायाला सरावणे हा चालण्याचाच पूर्वार्ध होय. ते घालून दुपारभर पलंगावर बसलो. टाच किंचित दुखते, म्हणजे सराव होत आहे.

झुंबर मात्र रोज पहाटे बाहेर जाते. दूध आणायला, असा माझा समज आहे. दूध आणायला तिला अलीकडे फार वेळ लागतो.

७ सप्टेंबर, रविवार
चर्चच्या हॉलमध्ये माझी सहलपूर्व व्याख्यानमाला सुरू झाली. विषय: इस्राएल लोक मिसरातून निघाले त्या मार्गाविषयीच्या मतांतरांची चिकित्सा. उपस्थिती चांगली. मी तिसऱ्या मतापर्यंत आलो तोच महिला मंडळाने गीत सुरू केले. गीत संपल्यावर मी चौथे मत घेतले. त्यांनी दुसरे गीत घेतले. विषयाने त्यांच्या अंतःकरणात अशी हालचाल व्हावी, हे समाधानकारक आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
दुसरे व्याख्यान. उपस्थित: झुंबर आणि नरहरी. नरहरी चहासाठी आला होता हे त्याने लपवले नाही. "सर, त्या समुद्राचे दोन भाग झाले तेवढं सांगा, मी जातो." मी म्हणालो की त्या समुद्राच्या नावाविषयीच मतभेद आहेत. तो गेला. दारातून झुंबरला म्हणाला, "बाई, उद्या पहाटे त्याच वेळेला." दुधाविषयी असावे.

२१ सप्टेंबर
वाळवंटाची सवय म्हणून दोघे एडवणच्या किनाऱ्यावर गेलो. वाळू ती वाळूच. मी सुरूच्या झाडाखाली बसून वाळूचे निरीक्षण केले आणि शहाळे प्यायलो. झुंबर किनाऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तिला म्हटले, दमशील. ती म्हणाली, "दमले की सांगते." सांगितले नाही.

सहल कंपनीची दीपिका फोनवर विचारीत होती की पर्वतासाठी उंटांचे आगाऊ सांगून ठेवायचे का. मी कळवले की आमच्या मंडळीत चढाई स्वतःच्या पायांनी होते. ती म्हणाली, "ओके अंकल." अंकल हा शब्द मला लागू होत नाही, परंतु मी वाद घातला नाही.

२७ सप्टेंबर
माई सातपाटीहून मासे घेऊन येते. टोपली दारात ठेवता ठेवता तिने ऐकले की मी काळदुर्ग चढणार आहे. ती जिन्यावरच बसली आणि हसू लागली. "सर, तुमी? गडावर? आमी तुमच्या मजल्यावर येतो तवा तुमी खालून वर येत असताव, मधल्या मजल्यावर उभं ऱ्हाऊन भिंतीशी बोलताव!" मी तिला समजावले की मधल्या मजल्यावर मी थांबत नाही, विचार करतो. ती म्हणाली, "हाय ना, तुमचा विचार आमाला खालपर्यंत ऐकू येते." झुंबरनेही हसणे उचित नव्हते. मासे घेतले. ताजे होते.

२ ऑक्टोबर, सुट्टी
सविस्तर नोंद आवश्यक आहे, कारण पुढे तिचा उपयोग होईल.

सकाळी काळदुर्गाखालच्या वाघोबा खिंडीत सर्व प्रवासी जमले. वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्यातला नवशा. पाळकसाहेबांनी ठराव वाचून दाखवला. शब्दरचना निर्दोष आहे, हे ऐकताना पुन्हा जाणवले.

प्रारंभी मी सर्वांच्या पुढे होतो. नंतर मी मध्ये आलो, कारण लीडरने दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. त्यानंतर मागे आलो, कारण मागे राहिलेल्यांची जबाबदारी लीडरवर असते. मागे कोणी राहिले नव्हते. झुंबर तर पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून, वळणाआड दिसेनाशी झाली होती. ते बूट तिने केव्हा घेतले, मला माहीत नाही.

एका सपाट खडकावर मी थांबलो. तेथून खालचा रस्ता, शेते, दूरवर समुद्राची रेघ, सारे दिसते. मी बसलो आणि विचार केला. माथा म्हणजे काय? ज्या स्थानावरून सभोवतालचा प्रदेश दृष्टीस पडतो ते स्थान. या खडकावरून तो दृष्टीस पडतो. म्हणून हा खडक माथा आहे. अनुमानात दोष आढळला नाही. नवशाला सांगितले.

नवशा म्हणाला, "बाबा, हा माथा नाय. माथा तो वर हाय."

मी व्याख्या पुन्हा सांगितली. त्याने वर बोट दाखवले. मी उपमाने दिली. त्याने पुन्हा वर बोट दाखवले आणि विडी पेटवली. त्याची विचारपद्धती फार मर्यादित आहे. तेवढ्यात एका माकडाने माझी बिस्किटे नेली.

नरहरी वर गेला. हे नमूद करणे भाग आहे. प्रत्येक वळणावर तो बसला, हाशहुश केले, केळे खाल्ले, गीताचे एक कडवे म्हटले आणि उठून पुढे गेला. ही चढण्याची पद्धत नव्हे. पण वर गेला. सगळेच गेले. माथ्यावरून झुंबरचा आवाज आला. ती हाक मारीत होती. काय म्हणत होती ते वाऱ्यात कळले नाही, परंतु मला बोलावीत नव्हती. ती नुसती ओरडत होती. लग्नानंतर मी तिला असे ओरडताना ऐकलेले नाही.

उतरताना नरहरी माझ्या खडकापाशी टेकला आणि म्हणाला, "सर, तुमचं आर्ग्युमेंट पोचलं वर. तुमीच ऱ्हायले खाली."

सारे हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. ते जमिनीकडे पाहत होते.

५ ऑक्टोबर, रविवार
पाळकसाहेबांना माथ्याची व्याख्या लेखी सादर केली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि अतिशय हळू म्हणाले, "सर, आमेन झालंय."

मी त्यांना आमेन या शब्दाचा अर्थ, 'तसेच होवो', समजावून सांगितला. ते म्हणाले की अर्थ तोच असेल तर मग काही उरत नाही.

पुन्हा चढण्याची परवानगी मागावी असे मनात आले. परंतु ठरावात "संधी एकच" हे शब्द आहेत. ते मीच घातले होते, नरहरी पुन्हा प्रयत्न करील म्हणून. शब्द असे चपखल बसले आहेत की त्यांत बोट शिरत नाही. रचना खरोखरच निर्दोष आहे.

गुडघ्याला सूज. डॉक्टर म्हणाले, जिनाही जपून चढा.

११ ऑक्टोबर
शांत चित्ताने विचार केला. मी जाणार नसेन तर झुंबर जाणार नाही. कारण ती माझ्यासोबत जाणार होती. ज्याच्या सोबत जायचे तोच नसेल तर सोबतही उरत नाही. तिच्या वतीने मी पाळकसाहेबांना फोन करून दोघांचीही नावे कमी करण्यास कळवले. तिला नंतर सांगेन. वाईट वाटेल, परंतु युक्तिवाद तिला पटेल.

१२ ऑक्टोबर, रविवार
तिला पाळकसाहेबांकडूनच कळले. उपासनेनंतर त्यांनी सहज विचारले होते, "बाई, तुम्ही का नाही येत?"

घरी आल्यावर तिने आवाज चढवला नाही. स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. पाठमोरीच म्हणाली, "मला विचारलं होतं?"

मी म्हणालो की विचारणे अनावश्यक होते, कारण निष्कर्ष अपरिहार्य होता. आणि पहिले आधारविधान मांडले.

"झालं?" म्हणाली.

मी म्हणालो, अजून दोन आहेत. तिने मिक्सर लावला. चटणी बराच वेळ चालली. मिक्सर थांबला तेव्हा मी दुसरे विधान आरंभले. तिने वळून पाहिले. हाताला तिखट लागले होते, म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

"अहो, तुम्ही सोबत असावात म्हणून मी दोन सहली सोडल्या. गड मी तुमच्यासाठी चढले नाही. आमचे बाप टेकडीवरून माघारी आले दरवर्षी. मी नाही येणार माघारी."

मग ओट्यावरचा फोन कोपराने दाबत तिने पाळकसाहेबांना सांगितले, "भिंगारदिवे सरांचं एकट्याचं नाव काढा. माझं राहू द्या."

या विधानाचे खंडन मी उद्या लिहीन.

१५ ऑक्टोबर
खंडन अद्याप सुचलेले नाही. गुडघ्यामुळे लक्ष लागत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
लीडरची निवड झाली. नरहरीने नाव सुचवले, आणि एकमताने झाली. झुंबर.

सुरुवातीस मला वाटले की माझ्या ऐकण्यात चूक झाली. परंतु विचारांती हे माझ्याच निवडीचे एक रूप आहे असे ध्यानात आले. मंडळीला माझ्या कुटुंबातूनच लीडर हवा होता. व्याख्यानांचा परिणाम.

९ नोव्हेंबर, रविवार
निरोपाची प्रार्थनासभा. लीडरने साक्ष द्यायची असते, म्हणजे श्रद्धेचा स्वतःचा अनुभव सांगायचा. झुंबरने वडिलांच्या टेकडीविषयी सांगितले. थोडेच बोलली. महिला मंडळाने मध्ये एकही गीत घेतले नाही. विषय साधा असल्यामुळे असेल.

माझ्या व्याख्यानांची फाइल मी तिला बॅगेत ठेवायला दिली होती. घरी आलो तर ती फाइल फ्रिजवर होती. बॅगेत चटणी, लसूण, खाकरे आणि माईने दिलेले सुक्या कोळंबीचे सोडे. मी विचारले की मिसर देशात सोड्यांचे काय काम. ती म्हणाली, "नरहरींना दिले की ते गप्प बसतात."

१० नोव्हेंबर
बस चर्चच्या आवारातून निघाली. झुंबर दारात निळा झेंडा घेऊन उभी होती आणि डोकी मोजत होती. माझ्यापर्यंत आली, थबकली, आणि मला न मोजता पुढे गेली. मग परत आली. "गोळ्या सकाळच्या निळ्या डबीत. जिना जपून." मी तिला मोशेच्या मार्गाविषयी तीन सूचना दिल्या. तिने तिन्ही ऐकल्या.

खिडकीजवळची पुढची सीट नरहरीला मिळाली. तो काच सरकवून म्हणाला, "सर, काळजी नका करू. बाई आमाला सांभाळून आनतील."

१२ नोव्हेंबर
भात केला. तत्त्वतः भात होता.

१४ नोव्हेंबर
अत्यंत गंभीर. सीनाय पर्वतावर अर्ध्याहून अधिक मंडळी उंटावरून गेली. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नरहरीचा उंटावरचा फोटो आहे. उंटाची मुद्रा माझ्याशी सहमत दिसते. ज्या चढाईसाठी मी गड लावला ती चढाई त्यांनी स्वतःच्या पायांनी केलीच नाही! ठरावाचे आधारविधानच कोसळले. म्हणजे अपात्रता कोसळली. म्हणजे तर्कदृष्ट्या मी या क्षणी सहलीत आहे.

हे सर्व मी ग्रुपवर लिहून काढले. पाठवू लागलो तर सूचना आली की या ग्रुपवर फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. ॲडमिन कोण ते पाहिले.

झुंबर.

१६ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये आज फार थोडे लोक होते. व्याख्यानास वाव होता. केले नाही.

१७ नोव्हेंबर, सायंकाळ
झुंबरचा व्हिडिओ कॉल. नबो पर्वत. फार वारा. मागे नरहरी कोणाला तरी ओरडून सांगत होता की बस थेट वरपर्यंत येते, पायऱ्यासुद्धा नाहीत. मी ऐकले. 

तिचा श्वास ऐकू येत होता. ती म्हणाली, "अहो, सगळं दिसतंय इथून. यार्देन नदी, तिकडे यरीहो गाव, पार पलीकडचे डोंगर. धूसर आहे, पण दिसतंय. बाबांनी सांगितलं होतं तसंच. थांबा, फोन फिरवते. दिसतंय का तुम्हाला?"

फोन फिरला. पडद्यावर फक्त तिचा अंगठा होता. जवळून, लालसर, पडदाभर. आकाशाची किनारसुद्धा नाही. अंगठा काढ, असे सांगावे म्हणून मी तोंड उघडले. तेवढ्यात ती पुन्हा म्हणाली, "दिसतंय ना?" आणि तिचा आवाज त्या दिवशी गडावर होता तसा झाला होता.

मी म्हणालो, "दिसतंय."

"सगळं?"

"सगळं."

 अंगठा तेथेच होता. मग फोन बंद झाला.

माझे हे विधान असत्य होते, आणि ते मी जाणूनबुजून केले. त्याच्या समर्थनार्थ एकही आधारविधान देता येत नाही. मागे घेत नाही.